संत ॲग्नेसचा चेहरा

"हिची हनुवटी जरा खाली घ्या," मम्मी म्हणाली. माझ्याशी नव्हे, विनताबाईंशी. "लिडिया अशी मान ताठ करून बसायची नाही."

विनताबाई हातातला ब्रश तसाच धरून थांबल्या. "रेजिना, थोडी खाली," त्या मला म्हणाल्या.

मी हनुवटी खाली घेतली. अंगावर लिडियाचा निळा फ्रॉक होता. पेटीतून काढलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा, काखेत काचणारा. लिडिया माझी थोरली बहीण. ती काविळीनं गेली तेव्हा मी शाळेत होते. आता मी तिच्या त्या वयाची झाले होते, आणि तेवढ्यासाठीच देवानं मला वाढवलं असावं, असं मम्मीचं वागणं होतं.

वसईतल्या आमच्या गावात नवं चर्च बांधून होत आलं होतं. त्याच्या खिडक्यांना रंगीत काचा बसवायच्या होत्या. एकेका घरानं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं एकेक खिडकी द्यायची असं ठरलं. आमच्या वाट्याला संत ॲग्नेस आली. कुशीत कोकरू घेतलेली कोवळी पोर, आणि खाली लिडियाचं नाव. काम विनता काळसेकर नावाच्या मुंबईच्या चित्रकार बाईंकडे होतं. त्यांनी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात एक शेड घेतली होती आणि तिथं विजेची भट्टी बसवली होती. मम्मीनं फादरना एकच अट घातली. ॲग्नेसचा चेहरा लिडियाचा पाहिजे.

पण लिडियाचे फोटो म्हणावेत असे नव्हतेच. एक चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा, त्यात ती पांढऱ्या जाळीच्या आड अगदीच लहान. दुसरा मावसभावाच्या लग्नातला. फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हटल्याबरोबर लिडिया कुणाकडे तरी वळून हसली होती, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता पुसट डाग उमटला होता. फादर म्हणाले, "मोनिकाबाई, धाकटी आहे की तिच्यासारखी. तिला बसवा." असं माझं बसणं सुरू झालं.

त्या वर्षी मला नर्सिंगला जायचं होतं. मिशनच्या हॉस्पिटलात माझा नंबर लागला होता आणि जूनमध्ये हजर व्हायचं होतं. मी विचारलं की मम्मीचं उत्तर ठरलेलं, "काच होऊ दे, मग जा." त्यामुळे काच लवकर व्हावी म्हणून मी गुमान बसायची. मान दुखली तरी हलायची नाही.

विनताबाईंचं काम बघण्यासारखं होतं. खालून दिवे लावलेल्या टेबलावर त्या काचेचा तुकडा ठेवायच्या. तो चेहऱ्याचा तुकडा तळहाताहून थोडा मोठा, फिक्या मधाच्या रंगाचा. लोखंडाचा गंज आणि दळलेली काच यांची काळपट तपकिरी पूड त्या डिंकाच्या पाण्यात घोटून घ्यायच्या. आधी बारीक रेघांनी डोळे, नाक, ओठ काढायच्या. मग सगळ्यावर त्याच रंगाचा पातळ हात फिरवायच्या. चेहरा पार काळवंडून जायचा. तो वाळला की बांबूच्या टोकदार काडीनं आणि राठ ब्रशनं त्या रंग खरवडायला लागायच्या. जिथं खरवडतील तिथून खालचा उजेड वर यायचा. आधी कपाळ, मग नाकाचा दांडा, मग खालचा ओठ. बघता बघता त्या काळोखातून कुणीतरी माझ्याकडे बघायला लागायचं.

"हे झालं की भट्टीत घालायचं," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "भाजलं की रंग काचेत मुरतो. मग शेकडो वर्षं पाऊस पडू दे की ऊन. भाजायच्या आधी मात्र फुंकर मारली तरी बिघडतो."

मम्मीनं ते नीट ऐकून ठेवलं होतं. पहिला चेहरा झाल्यावर ती टेबलावर वाकली. खूप वेळ बघत राहिली. मग तिनं अंगठा जिभेला लावला आणि काचेवरचं तोंड पुसून टाकलं.

विनताबाईंनी काच आपल्याकडे ओढली. "बाई, अहो, चार दिवसांचं काम होतं ते!"

"तिचं तोंड असं जाडं नव्हतं," मम्मी म्हणाली. "हिचं आहे तसं. तुम्ही हिचं बघून हिचंच काढता."

"तिला समोर बसवलंय ना तुम्ही?"

"बसवलंय ते अंदाजासाठी. नाक थोडं बारीक करा. गाल आत घ्या. डोळ्यांत जरा माया दाखवा. हिच्या डोळ्यांत ती नाही."

मी तिथंच स्टुलावर बसले होते. विनताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

दुसरा चेहरा पुसला गेला तो नाकासाठी. तिसरा कशासाठी, ते मम्मीनं सांगितलंसुद्धा नाही. नुसता अंगठा फिरवला आणि पदराला पुसला. तिच्या पदराच्या त्या टोकाला तपकिरी डाग पडला होता. ती तो धूत नसे.

मग तिनं मला सुधरवायला घेतलं. एका दुपारी मागच्या पडवीत पाटावर बसवलं आणि कात्रीनं माझ्या पुढच्या केसांची झालर कापली, लिडियाची होती तशी. केस तोंडात जात होते, पण बोलायची सोय नव्हती. दोरा घेऊन भुवया कोरल्या. एक भुवई कापली गेली नि रक्त आलं, तर म्हणाली, "हलतेस कशाला? ती हलायची नाही." संध्याकाळी माझ्या पानात भाकरी नव्हती. वाटीत नुसती पेज होती.

"मम्मी, भाकरी?"

"गाल भरलेत तुझे. काच होईपर्यंत पेज पी."

पप्पा समोर जेवत होते. ते केळीच्या वाडीत राबणारे, कमी बोलणारे. माझ्या भुवईकडे बघून म्हणाले, "अगं, काय केलंस हे पोरीचं?"

"लेक मेली तेव्हा तुम्ही काय केलंत?" मम्मीनं विचारलं. "वैद्याच्या मागं फिरलात. मोठ्या डॉक्टरला आणलंत?"

पप्पांनी ताटातच हात धुतला. पुढं कित्येक दिवस ते जेवायला आमच्या नंतर बसायचे. माझ्या उशाखाली मात्र केळं ठेवलेलं असायचं. मी ते अंधारात गपचूप खायची आणि साल खिडकीतून बाहेर टाकायची.

मे महिना संपत आला. बाकीच्या खिडक्या चर्चमध्ये बसल्यासुद्धा. संत अंतोन, पवित्र कुटुंब, संत पीटर. आमच्या खिडकीत कोकरू होतं, हिरवी झाडं होती, ॲग्नेसचे हात होते, लाल झगा होता. शिशाच्या पट्ट्यांनी सगळे तुकडे जोडून तयार होते. फक्त मानेच्या वर एक भोक होतं.

त्याच आठवड्यात मम्मीला ताप भरला. अंथरुणातून तिला उठवेना. तरी मला म्हणाली, "तू जा. मी नाही म्हणून बसणं चुकवू नकोस. बाईंना सांग, नाक बारीक."

मी निळा फ्रॉक घालून शेडवर गेले. विनताबाई एकट्याच चहा पीत बसल्या होत्या. दाराकडे बघत म्हणाल्या, "मोनिकाबाई?"

"ताप आलाय."

त्यांनी मला चहा दिला. बरोबर खायला कडक बटर दिले. मी ते इतक्या भराभर खाल्ले की त्या बघतच राहिल्या. मग विचारलं, "रेजिना, एक सांग मला. लिडिया खरं कशी होती गं?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी आठवू लागले. "तिच्या पुढच्या दातांत फट होती. ती शिट्टी वाजवायची त्यातून. मोठ्यानं हसायची. चर्चमध्ये हसली म्हणून मम्मीनं तिला मारलंही होतं एकदा."

"आणि नाक?"

"नाक माझ्यापेक्षा जाड होतं. पप्पांसारखं."

विनताबाईंनी कप खाली ठेवला. "मग तुझी आई इतके दिवस कुणाला शोधतेय?"

त्या उठल्या, बादलीतलं पाणी आणि साबण माझ्यासमोर ठेवला. "तोंड धू. आणि तो फ्रॉक काढ, मागं माझा खादीचा सदरा टांगलाय तो घाल. केस कानामागं घे. आज तुला वाटेल तशी बस. मला एकदा तुला बघू दे."

मी बसले. कशी बसले ते मला सांगता येणार नाही, कारण कुणी सांगितलंच नव्हतं कसं बसायचं ते. दुपारभर काडीनं रंग खरवडल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. दिवस कलला तेव्हा त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं.

काचेत मी होते. कापलेली भुवई होती. माझे जाडसर ओठ होते. डोळे जरा रागीट, पण बघावेसे वाटणारे होते. घरातल्या आरशात मी स्वतःला रोज पाहत होते, पण तिथं मला नेहमी काहीतरी कमी असलेली लिडिया दिसायची. ही वेगळीच होती. मी देखणी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"मम्मी पुसेल," मी म्हटलं.

"भाजल्यावर कसली पुसते?" विनताबाई म्हणाल्या आणि त्यांनी काच उचलून भट्टीत ठेवली. झाकण लावलं. भट्टी गुणगुणायला लागली. "फार तर फोडेल. फोडली तर फोडू दे. तू पाहिलंस ना एकदा?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मम्मी उठून बसली. ताप उतरला होता, पण चालताना तिला माझ्या खांद्याचा आधार लागत होता. आम्ही शेडवर पोचलो तेव्हा भट्टी निवत आली होती. घाईनं उघडली तर काच तडकते, म्हणून विनताबाई झाकणावर पुन्हा पुन्हा हात ठेवून बघत होत्या. मी निळा फ्रॉक घालून स्टुलावर बसले आणि मनात मेरीमातेला म्हटलं, फोडायचीच असेल तर तिला लगेच फोडू दे.

विनताबाईंनी काच काढली आणि दिव्याच्या टेबलावर ठेवली.

मम्मी वाकली. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा काचेकडे पाहिलं. तिचा अंगठा वर आला, तो जिभेला लागला नाही. तिनं तो काचेच्या गालावर ठेवला आणि हळूहळू खाली आणला, हनुवटीपर्यंत. रंग हलला नाही.

"हीच," ती म्हणाली. "हीच माझी लिडिया."

ती रडायला लागली. सहा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. लिडियाच्या मातीलाही ती रडली नव्हती. तिनं काचेवर डोकं टेकलं. केस विस्कटून दिव्यावर पसरले. विनताबाईंनी माझ्याकडे पाहून तोंड उघडलं. मी मान हलवली, नको. जून तोंडावर होता. काच झाली होती. मला जाता येणार होतं.

मम्मीनं डोळे पुसले आणि हातानं मला जवळ बोलावलं. "ये, बघ. नीट बघ," ती म्हणाली. "तुझ्यात आणि हिच्यात किती फरक आहे तो बघ."

मी बघितलं.

"दिसला?"

"दिसला," मी म्हटलं.

खिडकी बसली त्या रविवारी बिशप आले होते. मिस्साच्या प्रार्थनेनंतर बायका खिडकीखाली जमल्या. सकाळचं ऊन ॲग्नेसच्या चेहऱ्यातून आत येत होतं आणि खालच्या बाकावर पिवळट पडत होतं. आमच्या शेजारच्या एस्तेरमावशीनं वर पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अगं बाई! ही तर आपली रेजिना! हुबेहूब!"

"डोळे फुटले का तुझे?" मम्मी इतक्या मोठ्यानं म्हणाली की फादरांनी वळून पाहिलं. "लिडिया आहे ती. खाली नाव वाचता येत नाही?"

एस्तेरमावशी ओशाळली. मला वाटतं, तिच्यासाठी मला राग आला. की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. घरी आल्यावर मम्मी ओटीवर तांदूळ निवडायला बसली. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मम्मी, एस्तेरमावशीचं खरं आहे. ती मी आहे."

मम्मी तांदूळ निवडत राहिली.

"तू तापानं पडली होतीस तेव्हा विनताबाईंनी माझा चेहरा काढला. मुद्दाम. त्यात लिडियाचं काही नाही. नाकसुद्धा नाही. सगळं गाव ज्याच्यासमोर मेणबत्ती लावणार आहे ना, तो माझा चेहरा आहे."

मला तिला दुखवायचं होतं. तिच्या हातून सूप पडावं, तिनं मला मारावं, एवढीच माझी इच्छा होती. ती एक खडा उचलून अंगणात टाकत म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय?"

"आई आहे मी तुझी. तुला मी ओळखणार नाही?"

"मग हीच म्हणालीस ते?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी बरोबरीच्या बाईशी बोलावं तसं बोलली. आवाज अगदी शांत होता.

"मला लिडिया दिसत नाही, रेजिना. पहिली दोन वर्षं डोळे मिटले की यायची. मग यायची ती अर्धी, डोळे तिचे नि तोंड तुझं. आता डोळे मिटले तरी तूच येतेस. जेवायला तू, अंगणात तू, विहिरीवर तू. रोज समोर वावरून वावरून तू माझ्या लेकीचा चेहरा खाऊन टाकलास. मी त्या बाईला नाक बारीक करा म्हणायची, गाल आत घ्या म्हणायची. मला वाटायचं, तुझं काढत काढत गेलं की शेवटी तिचं उरेल. काही उरलं नाही." तिनं हात पदराला पुसले. "मग त्या दिवशी काच पाहिली आणि ठरवलं. तिचं गेलंय ना, मग तुझं तिला दिलं. तुला काय करायचाय एवढा चांगला चेहरा?"

"आणि मी?" मी विचारलं.

"तू जा. जातेच आहेस. पण आता येऊ नकोस. तू समोर असलीस की खिडकीत तू दिसतेस. तू दिसेनाशी झालीस की काही वर्षांनी तिथं मला लिडियाच दिसेल." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "पप्पांना भेटायचं झालं तर वाडीत भेट. घरात येऊ नकोस."

मी पहाटे गेले. पप्पा नाक्यापर्यंत बॅग घेऊन आले.

मम्मीचं म्हणणं मी पाळलं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. सुरुवातीला एकदा नाताळला मी हट्टानं घरी गेले होते. दार मम्मीनंच उघडलं. मला पाहताच तिनं पदर स्वतःच्या तोंडावर ओढला, प्रेताला घाबरल्यासारखा, आणि भिंतीकडे वळून उभी राहिली ती मी जाईपर्यंत तशीच. त्यानंतर पप्पांना मी वाडीतच भेटत गेले. पप्पा गेले तेव्हा चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. मम्मी पुढं, खिडकीखाली. लोक म्हणायचे, मोनिकाबाईंचा देवावर काय जीव आहे, रोज तासन्‌तास ॲग्नेसपुढे बसतात.

हॉस्पिटलात माझं आयुष्य चांगलं गेलं. लग्न झालं, दोन मुलं झाली. मी थोराड झाले, चष्मा लागला, पुढचे केस विरळ झाले. एका बाळंतपणात दात गेले. गालाची कातडी लोंबायला लागली. हे सगळं होताना इतर बायकांना वाईट वाटतं, तसं मलाही वाटलंच.

मग एस्तेरमावशीच्या सुनेचा फोन आला. मम्मी थकली आहे, तुमचं नाव घेते आहे. मी गेले. मम्मी खाटेवर उशांना टेकून बसली होती. वाळून मूठभर झाली होती, पण डोळे लखलखीत होते. मी दारात थांबले. ती पदर ओढते का ते बघत राहिले.

तिनं पदर ओढला नाही. "जवळ ये, उजेडात ये," म्हणाली.

मी खाटेच्या काठावर बसले. तिनं माझा चष्मा काढला. अंगठ्यानं माझा गाल चाचपला, सुरकुत्या चाचपल्या, हनुवटीखालची लोंबती कातडी बोटांत धरून पाहिली. आणि ती हसली. माझ्याकडे बघून ती अशी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

"आता काही हरकत नाही," ती म्हणाली. "आता तू तिच्यासारखी मुळीच दिसत नाहीस. आता राहा माझ्याजवळ, रेजिना."

एस्तेरमावशीची सून दारातून आमच्याकडे कौतुकानं बघत होती. मी मम्मीच्या हातातून चष्मा घेतला, पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"राहिले असते गं," मी म्हटलं. "पण उद्या ड्यूटी आहे."

ड्यूटी नव्हती. मागच्याच महिन्यात मी निवृत्त झाले होते.